नावं न ठेवता माणसं बघता येतात का?

काउंटरमागचा (धागाकर्ता), मंगळवार रात्री

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, गेली बावीस वर्षं मी बसतो. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला तेव्हापासून या गावाला बाहेरगावच्या आजारी माणसांची सवय आहे. इकडून जत, कवठेमहांकाळ, तिकडून कुडची, रायबाग, अथणी. कितीतरी गिऱ्हाइकं कानडीत बोलतात, आम्ही मोडक्यातोडक्या कानडीत उत्तरं देतो. दिवसभर काउंटरमागं उभं राहायचं म्हणजे दिवसभर माणसं बघायची. "चिठ्ठीच्या आधी माणूस वाचावा," असं आमचे दादा म्हणायचे. मीही ते चारचौघांत अभिमानानं सांगत आलो.

परवा जेवताना एका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होतो. पोरं खिदळली. बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तो कसला आहे ते कळलं. त्यानं केलं काय, ते सांगितलंच नाहीत तुम्ही."

मी आठवायला लागलो. सांगण्यासारखं त्यानं काहीच केलं नव्हतं. सुटे पैसे दोनदा मोजले होते, बस्स. बाकीचा सगळा मसाला माझा.

ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी उधारीच्या वहीशेजारी एक चाळीस पानी वही ठेवली. नियम एकच. दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं, विशेषण आलं की खोडायचं. पहिल्या दिवशी अकरा नोंदी केल्या, रात्री वाचताना नऊ खोडाव्या लागल्या. "आगाऊ", "बिचारी", "हिशेबी", "मोठेपणा मिरवणारा". एका नोंदीत तर नुसतं "नमुना" एवढंच लिहिलं होतं.

आता तीन आठवडे झाले. माझ्या मते हात बसलाय. चार नोंदी खाली देतो.

१) सकाळी दहा. साठीचा माणूस, पांढरी टोपी. शुगरच्या गोळ्या पाचच मागितल्या. पट्टी कापून दिली. पैसे देऊन समोरच्या गाड्यावर गेला, उसाचा रस प्याला. दर सोमवारी हेच.

२) बाई, कडेवर मूल. मूल रडत होतं. बाई मोबाइलवर बोलत होती. बोलणं संपेपर्यंत मुलाकडं लक्ष दिलं नाही.

३) दोघे भाऊ, आईची औषधं. बिल १८४० रुपये. धाकट्यानं दिले. थोरला तेवढ्यात बाहेर जाऊन उभा राहिला.

४) कॉलेजचा पोरगा. आधीची तीन गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबला. मग हळू आवाजात काय हवं ते सांगितलं.

विशेषण एकही नाही. मला तर स्वच्छ वाटतात. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्यापैकी कुणाला हे जमतं का, की ही औषधवाल्याची रिकामटेकडी खाज आहे?

तिखट_भडंग, मंगळवार रात्री

पहिली नोंद वाचली आणि मनातल्या मनात त्या टोपीवाल्याला चार शिव्या हासडल्या. शुगरच्या गोळ्या आणि वर रस! म्हणजे तुम्ही नोंद केली आणि निवाडा मी करून मोकळा. काम वाटून घेतलं म्हणायचं.

मावशी_म्हणते, बुधवार सकाळी

शीर्षक आवडलं. आपल्या भाषेनं हे आधीच ओळखलेलं आहे बघा. बारशाला बाळाचं "नाव ठेवतात", ते मंगल. पुढं आयुष्यभर त्याच बाळाला लोक "नावं ठेवतात", ती निंदा. एकवचन आणि अनेकवचन एवढाच फरक. माणसाला एखादं नाव दिलं, आळशी, चिकट, खडूस, की आपण त्याच्याकडं बघायचं थांबतो. कारण आता नाव माहीत झालं, बघायचं काय उरलं?

आमच्या वाड्यात एक "कुजकट काकू" होत्या. त्या वारल्या तेव्हा खरं नाव काय ते सांगायला कुणालाच पटकन जमेना. फळ्यावर लिहायचं होतं म्हणून शोधाशोध झाली.

रातराणी, बुधवार दुपारी

धागाकर्ते, विशेषण काढलंत पण काटा तसाच आहे.

नोंद क्रमांक दोन. "मुलाकडं लक्ष दिलं नाही." हे तुम्हाला दिसलं कसं? दिसलं असेल ते एवढंच, की तिनं मुलाकडं बघितलं नाही, नाहीतर थोपटलं नाही. कडेवर मूल असलेल्या बाईचं अर्धं लक्ष कंबरेत असतं. मी दोन पोरं वाढवलीत. वीस वर्षं झाली तरी अजून उभी राहिले की एका अंगावर झुकते.

आणि तिसरीतलं "तेवढ्यात". थोरला बाहेर गेला हे दिसलं. "तेवढ्यात" या एका शब्दानं तुम्ही त्याला पळपुटा केलात. तो शब्द काढून वाचा, माणूस सरळ होतो.

उंबरठा, बुधवार दुपारी

एक साधी शंका. गोळ्या त्याच्याच कशावरून?

तिखट_भडंग, बुधवार दुपारी

@उंबरठा आयला.

काउंटरमागचा, बुधवार रात्री

दुकान बंद करून आत्ता बसलो. उंबरठा यांची एक ओळ वाचून दहा मिनिटं तसाच बसलो होतो.

खरं सांगतो, तीन आठवडे मी त्या माणसाला गोळ्या विकतोय आणि त्या दुसऱ्या कुणाच्या असू शकतात हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी लिहिलंही नाही की त्या त्याच्या आहेत. पण "गोळ्या घेतल्या" आणि "रस प्याला" ही दोन वाक्यं शेजारी ठेवली, तिथंच खटला उभा राहिला आणि निकालही लागला. दिवसभरात त्यानं अजून शंभर गोष्टी केल्या असतील, मला दिसलेल्यांतल्याच काही सांगायच्या तर चप्पल बाहेर काढून आत येतो (दुकानात कुणीच काढत नाही), नोट दोन्ही हातांनी देतो. त्या मी लिहिल्या नाहीत. कारण त्यात मजा नव्हती.

रातराणी, "तेवढ्यात" मान्य. खोडला.

स्टेथो, बुधवार रात्री

पेशानं डॉक्टर, सांगली. मला वेगळंच दिसतंय.

आठवड्याला पाच गोळ्या म्हणजे रोज एक धरली तरी दोन दिवस कोरडे जातात. एक तर उरलेल्या दुसरीकडून घेतो, नाहीतर घेणारा गोळ्या चुकवतो, नाहीतर पैशाचा प्रश्न आहे, नाहीतर हा आठवड्यातले पाचच दिवस मिरजेच्या आसपास असतो. यातलं खरं कोणतं हे बघून कळणार नाही, विचारूनच कळेल. आणि औषधवाल्यानं ते विचारणं हा भोचकपणा नाही, ते तुमचं काम आहे.

मला या सगळ्या "नुसतं बघा, निवाडा करू नका" प्रकरणात एक धोका दिसतो. निवाडा नको म्हणता म्हणता लोक चौकशीही सोडून देतात. "मी कोण बोलणार" म्हणत लांब उभं राहणं दिसायला सभ्य असतं. पेशंट मात्र तसाच घरी जातो.

सुईदोरा, गुरुवार सकाळी

स्टेथो यांच्याशी सहमत. थोडी भर घालते. मी नवराबायकोच्या भांडणांत समुपदेशनाचं काम करते. आमच्या प्रशिक्षणात मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत शिकवतात, अहिंसक संवाद म्हणतात तिला. रोझेनबर्ग २०१५ मध्ये गेले. पायऱ्या चार आहेत: निरीक्षण, भावना, गरज आणि शेवटी विनंती. पहिली पायरी नेमकी तुमची वही आहे. पण ती पहिली आहे, शेवटची नाही. निरीक्षण वेगळं काढायचं ते पुढं काहीतरी बोलता यावं म्हणून.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. एक बाई म्हणाल्या, "हे नेहमी उशिरा येतात." "नेहमी" आणि "कधीच" हे दोन शब्द आले की आमचे कान टवकारतात. म्हटलं, या आठवड्यात कोणकोणत्या दिवशी? त्यांनी बोटांवर मोजलं. दोन दिवस निघाले. नवरा एकदम ताठ झाला, "बघा मॅडम, दोनच दिवस!" जिंकल्यासारखा चेहरा. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो. त्याच दोन रात्री बाळाला ताप होता."

मग खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. नोंद बरोबर निघाली म्हणून भांडण मिटलं नाही. पण भांडण कशाबद्दल आहे ते तरी दोघांना कळलं.

हळकुंड, गुरुवार दुपारी

मार्केट यार्डात अडतीवर आहे. आमचा धंदाच निवाड्याचा. पोतं उघडलं की हळकुंड मोडायचं, टणक आवाज आला म्हणजे नीट वाळलंय, आतला रंग बघायचा, बोली लावायची. तिथं "मी निरीक्षण करतोय, मत नाही" म्हटलं तर दुपारपर्यंत दिवाळं.

माणसाचंही तेच. उधारी कुणाला द्यायची हे मत बनवल्याशिवाय ठरवू कसं? औषधवाले, तुमच्या त्या वहीशेजारीच उधारीची वही आहे म्हणालात. त्यात कुणाचं खातं उघडायचं ते विशेषणं न लावता ठरवता होय?

रातराणी, गुरुवार दुपारी

@हळकुंड उधारीच्या वहीत तुम्ही "लबाड" असं लिहिता का? नाही ना. "मार्चचे बाकी, मेमध्ये दिले" असं लिहिता. पुढच्या वेळी द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. माणूस कसा आहे हे ठरवायची गरजच पडत नाही. माझ्या मते जगातली सगळ्यात स्वच्छ निरीक्षणं किराणा दुकानाच्या वहीत सापडतील.

हळकुंड, गुरुवार दुपारी

@रातराणी वहीत नाही लिहीत. पण फोनमध्ये नंबर सेव्ह करताना "अमुक तमुक बुडव्या" असं केलंय तीन जणांचं. त्यातल्या एकानं सगळे पैसे दिले, दोन वर्षं झाली. फोन आला की अजून बुडव्याच दिसतो स्क्रीनवर आणि माझा आवाजच बदलतो. तुमचं वाचून आत्ता बदललं नाव. (बाकीचे दोघं तसेच राहतील, त्यांनी पैसे दिलेले नाहीत. नाद नाय करायचा.)

प्रा_फावल्या_वेळी, गुरुवार रात्री

साताऱ्यात मानसशास्त्र शिकवतो. सांगलीकरांच्या धाग्यावर घुसखोरी करतोय, कंदी पेढे देऊन प्रायश्चित्त घेईन.

तिखट भडंग यांनी पहिल्याच प्रतिसादात जे केलं त्याला आमच्या विषयात नाव आहे. दुसऱ्याचं वागणं दिसलं की त्याच्या स्वभावाला भरमसाट वजन द्यायचं आणि तो कुठल्या परिस्थितीत होता तिला जवळजवळ शून्य. ली रॉस यांनी १९७७ साली याचं बारसं केलं. आपण त्याच्या खूप आधीपासून "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" म्हणत आलोय, पण त्यात मुख्य तक्रार पक्षपाताची आहे, इथं चूक नजरेची आहे.

वर्गात मी एक प्रयोग नेहमी सांगतो. डार्ली आणि बॅट्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या एका धर्मशिक्षण संस्थेतले ४० विद्यार्थी, म्हणजे पुढं धर्मगुरू होऊ घातलेली मुलं. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या त्या गोष्टीचा, ज्यात एक परका माणूस रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करतो. वाटेत प्रयोगकर्त्यांनीच एक माणूस बसवला होता, दारात वाकून, खोकत, कण्हत. प्रश्न एवढाच की कोण थांबतं?

ज्यांना वेळ भरपूर होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के. "उशीर झालाय, पळा" असं सांगून पाठवलेल्यांतले १० टक्के. भाषण त्या परोपकारी माणसावर होतं की दुसऱ्याच विषयावर, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता तुम्ही त्या रस्त्यावर उभे असता आणि धर्माची पुस्तकं शिकणारा एक पोरगा कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून जाताना बघितला असता, तर वहीत काय लिहिलं असतं? "दांभिक." मीही तेच लिहिलं असतं. त्याला दोन मिनिटांपूर्वी कुणी काय सांगून पाठवलं होतं ते रस्त्यावरून दिसत नाही.

खिडकीतली_सीट, गुरुवार रात्री

हे सगळं बघणाऱ्याच्या बाजूनं चाललंय. बघितलं जाणाऱ्याच्या बाजूनं कुणी बोलणार आहे का?

मी रोज सांगली-विटा एसटीनं जाते. स्टँडवर वीस मिनिटं उभी असते. लोक बघतात. त्यातले निवाडा करणारे कोण आणि "नुसतं निरीक्षण" करणारे कोण हे मला कळत नाही आणि मला घेणंही नाही. बघणं हेच अंगावर येतं. नजर स्वच्छ आहे हे बघणाऱ्याला माहीत, ओढणी सावरायची मला.

आणि धागाकर्ते, राग मानू नका, पण लोक तुमच्याकडं औषधं घ्यायला येतात. कुणाला काय आजार आहे हे तुम्हाला नाइलाजानं कळतं. ते तुम्ही वहीत लिहिता आणि वर इथं टाकता? नोंद चारमधला तो पोरगा तीन गिऱ्हाइकं जाईपर्यंत का थांबला होता? कुणी बघू नये म्हणूनच ना. आणि त्याला बघणारा एक माणूस काउंटरमागं पेन घेऊन उभा.

काउंटरमागचा, शुक्रवार सकाळी

खिडकीतली सीट, राग नाही. पण रात्री झोप लागली नाही नीट.

तपशील मी बदललेले आहेत, टोपी, रक्कम, वार, काही ना काही बदललंय, ओळखू कुणी येणार नाही. तरी तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही. चौथी नोंद मला सगळ्यात निर्दोष वाटत होती. ती लिहायलाच नको होती. आज सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम ते केलं, पान फाडलं. औषधाचं नाव कुठल्याच नोंदीत यापुढं नाही. धाग्यातली चौथी नोंदही संपादकांना सांगून काढून घेतो. निघेपर्यंत कृपया त्यावर कुणी चर्चा करू नका.

मौन_हुकलेला, शुक्रवार दुपारी

वातावरण गंभीर झालंय म्हणून माझी फजिती सांगतो.

इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो होतो. तिथं नऊ दिवस मौन. बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरानजरसुद्धा नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना. अंगावर जे जे उमटेल ते नुसतं बघायचं, हवंसं नको की नकोसं नको. अगदी या धाग्याचाच विषय.

दुसऱ्या दिवसापर्यंत मी आख्ख्या हॉलची वर्गवारी करून ठेवली होती. चपला आपटत येणारा. ढेकर देणारा. ध्यानात घोरणारा. माझ्या पुढच्या आसनावरचा एक जण दर पाच मिनिटांनी शाल सारखी करायचा, त्याचं नाव मी "शालजोडी" ठेवलं होतं आणि त्याच्यावर माझा इतका राग जमला की श्वास बाजूला राहिला, मी शालच बघत बसलो.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. शालजोडी माझ्याकडं आला आणि हसून म्हणाला, "तुम्ही सारखे सुस्कारे टाकत होता हो मागं, फार त्रास झाला."

तिखट_भडंग, शुक्रवार दुपारी

@मौन_हुकलेला ऑफिसात वाचून मोठ्यानं हसलो. आता लोक माझ्याकडं बघतायत. निरीक्षण करतायत असं समजतो.

निवृत्त_खडू, शनिवार सकाळी

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. सुरुवातीची नऊ वर्षं जत तालुक्यात. औषधवाल्यांचा "दिसलं तेवढंच लिहायचं" हा नियम मी नकळत पाळत होतो आणि त्यानंच माझ्या हातून एक गोष्ट घडली.

तिसरीतला एक मुलगा. प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात बाकीचे गुरुजी "आळशी", "मंद" असं काहीबाही लिहायचे, मला ते पटायचं नाही. मी लिहिलं, "वर्गात झोपतो." यात खोटं काय? रोज दुसऱ्या तासाला झोपायचा. हनुवटी छातीला टेकायची आणि लाळ पाटीवर.

दुसऱ्या दिवशी पोरगा आला तो पोटऱ्यांवर वळ घेऊन. वडिलांना वाचता येत नव्हतं. शेजाऱ्याकडून वाचून घेतलं होतं. त्या दिवशी तो दिवसभर टक्क जागा बसला. मान सरळ, डोळे फळ्यावर. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही.

मग त्याच्या वस्तीवर गेलो. दुष्काळी साल होतं, टँकर रात्री दीड-दोनला यायचा. मोठी माणसं ऊसतोडीला गेलेली, वडील पायानं अधू. घागरी घेऊन रांगेत हाच.

माझं वाक्य खरं होतं. पण ते मी कुठं लिहिलं? शेऱ्याच्या रकान्यात. त्या रकान्यात काहीही लिहा, बाप ते तक्रार म्हणूनच वाचणार. "उंच आहे" लिहिलं असतं तरी एखादी थप्पड बसली असती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत तो रकाना मी जमेल तितका कोरा ठेवला. साहेबांनी दोनदा विचारलं. कोरा का ठेवता म्हणून माझ्यावर शेरा आला, "कामात टाळाटाळ करतात."

रातराणी, शनिवार सकाळी

गुरुजी, नमस्कार.

गावभागातली, शनिवार रात्री

बरेच दिवस वाचत होते, आज लिहिते. मी सांगलीची, गावभागात राहते.

२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर आम्ही माडीवर बसून काढला होता, म्हणून यंदाही निघेल असं धरून बसलो आणि फसलो. बोट आली तेव्हा हातात फार तर पाच मिनिटं. पोरगं म्हणालं, आई, महत्त्वाचं तेवढं घे. कागदपत्रांची फाइल कपाटावर समोर होती. मी आत जाऊन लोणच्याची बरणी उचलली. चिनी मातीची, मोठी, दोन हातांत धरायची. ती मांडीवर घेऊन बोटीत बसले. बोटीतल्या लोकांची तोंडं अजून आठवतात.

शाळेत सोय केली होती तिथं पहिल्याच संध्याकाळी एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घर गेलं पाण्यात आणि हिनं लोणचं वाचवलं." तेव्हापासून मी लोणचंवाल्या काकू. वर मावशींनी नावाबद्दल लिहिलंय ते मला दोन्ही अंगांनी माहीत आहे.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. नंतर काही भल्या माणसांनी माझी बाजू घेतली. कुणी म्हणालं सासूबाईंच्या हातचं असेल, आठवण म्हणून घेतलं. कुणी म्हणालं, शहाणी बाई, पूर किती दिवस चालेल काय माहीत, खायचं बघितलं. असं काही नव्हतं हो. सासूबाई असताना लोणचं मीच घालायचे. खाण्याचा विचार असता तर पिठाचा डबा घेतला असता. मी ती बरणी का उचलली ते मला आजतागायत ठाऊक नाही. मी स्वतःला हजारदा विचारलंय.

नावं ठेवणारे एक कारण चिकटवतात आणि कनवाळू लोक दुसरं. पहिल्यांचा राग येतो. दुसऱ्यांचा येत नाही, पण त्यांनीही मला बघितलं नाही. धागाकर्त्यांना एवढंच सांगते, तुमचा टोपीवाला घरी जाऊन कुणा म्हातारीला गोळ्या देतो असं निघालं तर तुम्हाला हायसं वाटेल. पण नाही निघालं तर? स्वतःच शुगरवाला असून रस पीत असेल तर? तेव्हाही वही तीच ठेवाल का?

(कागदपत्रं सगळी भिजली. डुप्लिकेट काढायला दीड वर्ष गेलं. लोणचं शाळेतल्या खिचडीबरोबर चार दिवसांत संपलं, त्या बाईनंही घेतलं. दोनदा.)

उंबरठा, रविवार सकाळी

काकू, या धाग्यातला हा सगळ्यात भारी प्रतिसाद. "गोळ्या त्याच्याच कशावरून" असं मी विचारलं तेव्हा मलाही तो माणूस सुटावा असंच वाटत होतं. वकीलपत्र घेतल्यासारखं. तेही एक प्रकारचं न बघणंच की.

एका_अपेक्षेनं, रविवार दुपारी

आमच्या जैन घरांतली एक गोष्ट, थोडक्यात. जैन तत्त्वज्ञानात विधानाआधी लावतात तो स्यात् हा शब्द बरेच जण "कदाचित" असा समजतात. तसा तो नाही. "एका अपेक्षेनं", "या बाजूनं बघता" असा त्याचा अर्थ. विधान डळमळीत करायला तो नसतो, विधान कुठं उभं राहून केलंय ते सांगायला असतो. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे म्हणून ती सांगत नाही.

आमचे आजोबा शाळा फारसे शिकलेले नव्हते, वारणाकाठी शेती. बांधावरच्या भांडणात पंच म्हणून गेले की सुरुवातच अशी करायचे, "मी ऱ्हायलो वढ्याच्या अलीकडं. अलीकडनं मला दिसलं ते असं." मग जे सांगायचं ते ठामपणे सांगायचे, गुळमुळीत नाही. औषधवाल्यांनी प्रत्येक नोंदीच्या आधी "काउंटरमागून" एवढा एक शब्द लिहावा असं सुचवतो.

हळकुंड, रविवार दुपारी

ह्ये भारी आहे. वढ्याच्या अलीकडनं. आमच्याकडं पंच आले की पलीकडचंही तेच सांगतात.

स्टेथो, रविवार रात्री

उद्या सोमवार. धागाकर्ते, विचारणार आहात ना?

काउंटरमागचा, सोमवार रात्री

विचारलं.

कसं विचारायचं यावर सकाळपासून घोकत होतो, बायको हसत होती. "आठवड्याला पाचच का?" यात आरोप ऐकू येतो. "पूर्ण पट्टी देऊ का?" यात दुकानदारी. शेवटी आला तेव्हा जे तोंडातून गेलं ते गेलं. वहीतली नोंद जशीच्या तशी देतो. रातराणी तपासतीलच.

काउंटरमागून. सोमवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. पांढरी टोपी. चप्पल बाहेर काढली. पाच गोळ्या मागितल्या. मी पट्टी कापली, तारखेचं टोक नेहमीप्रमाणं माझ्याकडं ठेवलं. विचारलं, "गोळ्या कुणाला?" म्हणाला, "घरात." विचारलं, "रोज घ्यायच्या आहेत ना, मग पाचच?" त्यानं नोट दोन्ही हातांनी पुढं केली. म्हणाला, "बघतो की." मी म्हटलं, दोन जास्त घेऊन जा, पैसे पुढच्या सोमवारी द्या. तो थोडा वेळ पट्टीकडं बघत होता. मग सात घेतल्या. उधारीच्या वहीत नाव विचारलं, सांगितलं.

बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. समोर बघितलं. रसाचा गाडा आज लागलाच नव्हता.